हलक्या हाताच्या बाईंचं पहिलं पान

माझ्या धाकट्या बहिणीला घरात छोटी म्हणतात. पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी छोटीच. तिचं लग्न झालं नाही, माझी बायको गेली, तेव्हापासून आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. ती कामाला जाते, मी घर सांभाळतो. तिच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. जमेल तसं लिहितो.

छोटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. लोकांचं रक्त काढून घेणं हे तिचं काम. दंडाला पट्टा बांधायचा, बोटाने शीर चाचपायची, स्पिरिटचा कापूस फिरवायचा आणि सुई आत. समोरचा माणूस डोळे मिटून "झालं का?" विचारतो तेव्हा छोटी नळीवर नाव लिहीत असते. तिथे तिला हलक्या हाताच्या बाई म्हणतात. सकाळी रांगेतले लोक आधी विचारून घेतात, "त्या हलक्या हाताच्या बाई आल्यात ना? नसतील तर मी उद्या येतो." घरी येऊन ती हे मला नक्कल करून सांगायची आणि स्वतःच लाजायची.

अशी बाई एके दिवशी म्हणाली, "दादा, मी वेबपेज बनवायला शिकणार आहे."

मला वाटलं थट्टा करतेय. आमच्या घरात कंप्युटर होता तो भाच्याने नवीन घेतल्यावर दिलेला जुना. त्यावर मी पत्ते खेळायचो आणि ती धूळ पुसायची, बाकी काही नाही.

"आता कशाला?"

"लॅबचे रिपोर्ट नेटवर टाकायचे आहेत. वेळा, सूचना, सगळंच. डॉक्टरबाई माणूस शोधताहेत. मी ते काम मागणार."

"आणि सुई?"

"पाय दुखतात रे उभं राहून," असं म्हणून ती भांडी घासायला वळली. मला ते खरं वाटलं. उभ्याने काम करणाऱ्यांचे पाय दुखतातच.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवार-रविवारी मोठ्या माणसांसाठी वर्ग होता. शिकवणारी मुलगी आमच्या भाचीपेक्षाही लहान, पण छोटी तिला टीचर म्हणायची आणि वर्गात हात वर करून प्रश्न विचारायची. घरी आली की मशीन सुरू करायला घाबरायची. "मी काहीतरी दाबेन आणि सगळं जाईल." काय जाईल ते तिलाही ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस पडद्यावर पांढऱ्या कोऱ्या पानाखेरीज काही उमटलं नाही. ती त्याला म्हणायची, "अरे मेल्या, चुकलं असेल तर सांग तरी! गप्प काय बसतोस?"

टॅग नावाचा प्रकार मला तिच्याकडूनच कळला. मजकुराच्या आधी टोकदार कंसात एक खूण आणि मजकूर संपला की तीच खूण परत, तिरकी रेघ देऊन. एक उघडणारी, एक बंद करणारी. ती म्हणाली, "सुईचं टोपण काढलं की सुई डब्यात जाईपर्यंत जिवाला शांती नसते बघ. तसंच हे." तरी बंद करायला विसरायचीच. मग मथळ्याची मोठी अक्षरं खाली पसरत जायची आणि लॅबची वेळ दुकानाच्या पाटीएवढी दिसायची.

शेवटी एक पान जमलं. लॅब कधी उघडते, उपाशीपोटी कोणी यायचं, रिपोर्ट कधी मिळतो. निळा मथळा, खाली एक चौकट. तिने मला खुर्चीवर बसवून ते दाखवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. मी दोनदा वाचलं. बरं होतं.

"हे पाठवा बटण कशाचं?"

"टीचरला तपासायला जातं."

"बाकी कोणाला दिसत नाही ना?"

"कोण बघतंय, दादा! ते ह्याच्या पोटात आहे," असं म्हणून तिने कंप्युटरवर थाप मारली.

मग तो मंगळवार. दुपारी तिचा लॅबमधून फोन आला. आवाज दबका होता.

"दादा, डॉक्टरबाईंनी विचारलं, काय शिकलीस ते दाखव. टीचरने वर्गात प्रत्येकाला पानाचा पत्ता दिला होता ना, तो लिहून दिला मी. घरी गेल्यावर बघते म्हणाल्या. त्यांना आवडेल का रे?"

"आवडेल. चांगलं आहे ते पान."

"तू पण उघड ना तुझ्या फोनवर. अक्षरं फार मोठी नाहीत ना, तेवढंच बघ."

तिने पत्ता सांगितला, मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतला आणि फोनमध्ये एकेक अक्षर घातलं. पान उघडलं. निळा मथळा नव्हता. चौकटही नव्हती. बंद करायचा टॅग राहिला असणार, कारण सगळा मजकूर मथळ्याएवढ्याच ठळक अक्षरांत होता.

*मी रक्त घेते. माझा उजवा हात थरथरतो. हिवाळ्यापासून. कोपर टेबलावर दाबून धरते म्हणून कोणाला कळत नाही. परवा एका आजींना दोनदा टोचावं लागलं. आजी म्हणाल्या, असू दे बाई, माझी शीरच खराब. शीर चांगली होती. दादाला सांगितलेलं नाही. तो घाबरतो.*

मी फोन उपडा ठेवला. पुन्हा उचलला. तेच होतं.

ती हिवाळ्यापासून कप दोन्ही हातांनी धरत होती. मी म्हणायचो, थंडी फार आहे यंदा. चहा अर्धाच ओतून घ्यायची, मी म्हणायचो, साखर कमी कर, चहा कशाला कमी करतेस. हे सगळं आता एकामागून एक डोळ्यांपुढे आलं. तिला लगेच फोन करावा असं वाटलं, पण तिच्या हातात त्या क्षणी सुई असली तर? म्हणून केला नाही. खिडकीशी उभा राहिलो. कुठला रोग असेल, हे मनात येऊ द्यायचं नाही म्हटलं की तेच येत होतं. आमच्या काकांचा हातही असाच थरथरायला लागला होता आणि शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा.

छोटी आली ती चपला काढता काढताच विचारत, "बघितलंस? अक्षरं?"

मी फोन तिच्या हातात दिला. दुसरं काही सुचलं नाही.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग भिंतीला टेकत खाली बसली.

"हे... हे कुठून आलं?"

"तू दिलेल्या पत्त्यावर आहे."

"पण मी तर वेळांचं पान केलं होतं! तू बघितलंस ना?"

"बघितलं होतं."

ती उठली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून कंप्युटरपाशी गेली. जरा वेळाने तिच्या लक्षात आलं आणि तिने मला तुटक तुटक सांगितलं. पहिल्या तासाला टीचरने सगळ्यांना एक पान करायला लावलं होतं, इंडेक्स नावाचं. पुढे एकदा सरावासाठी तिने तेच पान पुसून त्यात हे लिहिलं. "काही सुचेना रे. टीचर म्हणाली होती, जे माहीत आहे ते लिहा." वेळांचं चांगलं पान तिने वेगळं केलं, लॅब नावाचं, आणि घरी नेहमी तेच उघडलं. बाहेरून पत्ता टाकला की इंडेक्स आधी उघडतं, हे तिला माहीत नव्हतं. आणि पाठवा दाबलं की फक्त टीचरला नाही, फोल्डरमधलं सगळंच वर जातं आणि कोणालाही दिसतं, हेही नाही.

"डॉक्टरबाई घरी कधी जातात?"

"आता जातील. गेल्याही असतील." तिने खुर्ची पुढे ओढली. "दादा, पुसते मी. थांब."

तिने ती फाइल पुसून टाकली. मी फोनवर परत पत्ता उघडला.

*मी रक्त घेते.*

"अगं, आहेच की!"

"असं कसं? पुसलं ना मी!"

"तू इथलं पुसलंस. ते तिकडचं असेल."

"तिकडे म्हणजे कुठे? मी जाऊन पुसते!" जणू रस्ता ओलांडून जायचं होतं. टीचरला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बंद. छोटी नखं खायला लागली. लहानपणी मार बसायच्या आधी खायची तशी.

मग तीच म्हणाली, "त्याच नावाने दुसरं पाठवलं तर? टीचर म्हणाली होती, त्याच नावाचं पाठवलं की जुनं जातं."

"मग कर ना."

ती बसली, पण बोटं कळांवर ठरेनात. एक अक्षर दाबायला जावं तर दोन उमटत होती. हा हात कशाने हलतोय, भीतीने की त्या दुसऱ्याने, ते मी तिला विचारलं नाही. तिनेही मान वर केली नाही.

"तू बस," ती म्हणाली. "मी सांगते."

मी आयुष्यभर पोस्टात पत्रांची वर्गवारी केली, पण ही कळांची पेटी एका बोटाने वाजवणारा माणूस मी.

"कंस उघड."

"कुठला?"

"टोकदार. तो नाही! अरे, चोचीसारखा!"

"चोच डावीकडे की उजवीकडे?"

"दादा, मी रडेन हं आता."

"रड, पण आधी सांग, डावीकडे की उजवीकडे?"

ती खरंच हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. असलेल्या पानाचं नुसतं नाव बदलता येतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तसंच एकेक करत वेळांचं पान त्या जुन्या नावाने पुन्हा तयार झालं. तिने पाठवा दाबलं. मी फोन उघडला.

*मी रक्त घेते.*

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टीचर. दुसऱ्या वर्गात होती म्हणून फोन बंद ठेवला होता. छोटीने फोन माझ्या हातात दिला, मी बोललो. टीचर म्हणाली, "आजोबा, तुमचा फोन साठवून ठेवलेलं जुनं पान दाखवतोय. पडद्यावर बोट ठेवून खाली ओढा." ओढलं. निळा मथळा आला.

"झालं," मी म्हणालो. "संपलं."

छोटी खिडकीकडे बघत होती. "बाईंनी आधीच बघितलं असेल तर?"

"नसेल बघितलं."

"आणि नसेल बघितलं, तर उद्या सकाळी मी पुन्हा सुई घेऊ?"

होय म्हणायचं माझ्या ओठांवर होतं, खोटं कशाला सांगू. ती नोकरी गेली तर ती काय करणार, ह्याचीच मला भीती होती. त्या आजींचा दंड माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. तिच्या होता.

सकाळी मी तिच्याबरोबर गेलो. तिने नको म्हटलं नाही. लॅबच्या बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून तयारच बसले होते. आतल्या टेबलाशी रक्त घेणाऱ्या मुलीने त्यांना बोलावलं तर म्हणाले, "मी थांबतो. मला हलक्या हाताच्या बाईच हव्यात. बाकीचे भोसकतात."

छोटी ॲप्रन घालून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. दार पुरतं लागलं नव्हतं.

"बाई, मला एक सांगायचंय. माझा हात..."

"बस." "काल तू निघालीस आणि मी लगेच उघडलं. कसं वाटलं असेल मला? घरी जाऊन पुन्हा उघडलं तर ते पान गायब! तिथे वेळा! म्हणजे तुला कळलं, आणि तू झाकलंस."

"हो."

"रात्री मी ठरवलं होतं. आज तू गप्प राहून सुई उचललीस तर तिथेच सांगायचं, उद्यापासून येऊ नको."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हिवाळ्यापासून! आणि त्या आजींना दोनदा टोचलंस? कोणाच्या धमनीत सुई गेली असती तर? माझं सोड, तू स्वतःला कधी माफ केलं असतंस?" बाई चिडल्या होत्या, अगदी मनापासून. "आजपासून सुईला हात लावायचा नाही. उद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं, मी फोन करून ठेवते. ते काय म्हणतात ते बघू. रिपोर्टचं कामही मग बघू, आत्ता मी काही शब्द देत नाही. आणि उपाशीपोटी यायचं, ही ओळ मोठी कर. कोणी वाचत नाही ती."

छोटी बाहेर आली तेव्हा ॲप्रन तिच्या हातावर घडी करून होता. काम राहिलं का गेलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. मी उठायला लागलो तेवढ्यात शेजारचे गृहस्थ उभे राहिले. "अहो बाई, किती वेळ! चला, घ्या लवकर."

"आजपासून मी टोचत नाही, काका. त्या मुलीकडे बसा. चांगली आहे ती."

"का बरं?"

बाहेरची खोली भरलेली होती. सगळे ऐकत होते.

"हात थरथरतो माझा."

गृहस्थांनी तिच्या हाताकडे बघितलं, मग उघड्या दारातून, सुई काढत असलेल्या मुलीकडे. ते आत जाऊन तिच्यासमोर बसले, दंड पुढे केला आणि दुसरा हात मागून आलेल्या छोटीकडे लांबवला.

"मग हा तेवढा धरा. मी पळून जाईन नाहीतर."

तिने तो धरला. मुलीने पट्टा बांधला, शीर शोधायला जरा वेळ लावला. गृहस्थांनी डोळे मिटले. छोटी त्यांच्या दंडावर वाकून मुलीला हळूच सांगत होती, "घाई करू नकोस. जरा बाहेरच्या बाजूला बघ, तिथे आहे."