पहिलीच्या वर्गातले वडील

शाळा बंद झाल्या त्या वर्षी माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. शाळा बोईसरजवळच्या सरावलीची, मुलं बहुतेक एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांची. मी सफाळ्याला सासरी राहायचे आणि पडवीत तांदळाच्या डब्याला फोन टेकवून वर्ग घ्यायचे. सहा वर्षांची मुलं फोनसमोर किती बसणार? कोणाचा फोन पंख्याकडे तोंड करून पडलेला असायचा, कोणी मध्येच आंघोळीला उठून जायचं, कोणी बसल्या जागी झोपायचं. सासूबाई उंबऱ्यात बसून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पोरं हायत ती. तुझ्या फोनात नाय बसायची."

वर्गातली एक मुलगी मराठवाड्यातल्या तिच्या गावाहून फोनवर यायची. वडील इथे एका कंपनीत होते. सगळं बंद झालं तेव्हा त्यांनी बायको-मुलीला गावी पोचवलं, आणि तिकडे आजोबांना अर्धांगवायू झाला. मग आईला निघताच येईना. काकांचा फोन तिला फक्त वर्गापुरता मिळायचा, नंतर ते दुकानावर घेऊन जायचे. ती दिसायची, पण बोलायची नाही. हजेरीला मान हलवायची आणि भिंतीकडे बघत राहायची.

एकदा वर्गात एक अनोळखी चौकोन आला. चित्र नाही, नावाच्या जागी नुसते आकडे. मी तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा काढला. दुपारी फोन आला.

"म्याडम, तो मीच होतो," त्या मुलीचे वडील म्हणाले. "मी काही बोलणार नाही. पोरगी दिसते तेवढी बघतो. माझी दुपारची पाळी आहे, सकाळी खोलीवरच असतो."

मी म्हटलं, "या. पण चेहरा दाखवून बसा."

ते बसले. अंघोळ करून, भांग पाडून, मुलांसारखी मांडी घालून. त्या दिवशी मी मुलांना पिवळी वस्तू शोधून आणायला सांगितली. कोणी हळद आणली, कोणी बाहुलीचा फ्रॉक. वडिलांनी खुंटीवरचं कंपनीतलं हेल्मेट काढून दाखवलं. इतके दिवस गप्प असलेली मुलगी म्हणाली, "पप्पा, डोक्यात घाला ना." त्यांनी घातलं. सगळा वर्ग हसला, आणि मला वर्ग कसा घ्यायचा ते कळलं.

मग मी त्यांना विद्यार्थीच केलं. ते मुद्दाम चुकायचे. सातानंतर नऊ म्हणायचे, 'ब'ला 'व' म्हणायचे, आणि मुलं ओरडून त्यांना दुरुस्त करायची. सगळ्यात मोठा आवाज त्यांच्या मुलीचा असायचा. त्यांची सकाळची पाळी असली की वर्ग सुस्त व्हायचा. मुलं विचारायची, "आज पप्पा नाही आले?" ते सगळ्यांचेच पप्पा झाले होते.

वर्ग संपला तरी मी लगेच बंद करत नसे. बाकीची मुलं गेली की फोन तिथेच ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचे. लांबून आवाज यायचा. दात पडला, शेळी व्याली, आजोबांनी आज हात उचलला. काका हाक मारायचे तेव्हा ते थांबायचं.

पुढच्या वर्षी शाळा उघडली. आम्ही वर्ग झाडले, फळे पुसले. मुलांना समोर बघून मला रडू आलं आणि ते आनंदाचंच होतं. त्या मुलीचं नाव गावच्या शाळेत घातलं होतं. तिचे वडील मधल्या सुट्टीत फाटकापाशी आले.

"म्याडम, आता ते फोनवरचं नाहीच का होणार?"

"तिची शाळाही सुरू झाली ना. तिच्यासाठी चांगलंच आहे."

"हो, चांगलंच आहे," ते म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

मी रविवारी वर्ग घेऊ लागले, फक्त त्या दोघांचा. थोडे दिवस चालला. मग काका पुण्याला कामाला गेले आणि फोनही गेला. आईकडे साधा बटणांचा फोन होता. त्यावर मुलगी "हो" म्हणायची, "जेवले" म्हणायची आणि आईकडे फोन द्यायची. एवढ्या लहान मुलाला नुसत्या बोलण्यात धरून ठेवता येत नाही. दोघांनी मिळून काहीतरी करायचं असतं, चुकायचं, शोधून आणायचं. ते त्यांच्याकडे राहिलं नव्हतं.

आजोबा गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मायलेकी बोईसरला आल्या. वडील दोघींना घेऊन माझ्याकडे आले. मुलगी चांगली उंच झाली होती. मी जवळ बोलावलं तर आईच्या मागे सरकली.

"बोल की, म्याडम आहेत तुझ्या," वडील म्हणाले.

तिने आईच्या पदरात तोंड लपवलं. निघताना त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. ती वळसा घालून आईच्या दुसऱ्या बाजूला गेली. त्यांनी तो हात खिशात घातला.

"मलाही बुजते," ते हळूच म्हणाले. "होईल सवय. आहेत अजून पंधरा दिवस."

गावी म्हातारी आजी होती, तिला एकटं टाकून मुलीच्या आईला इथे राहता येणार नव्हतं. सुट्टी संपायच्या आधीच दोघी परत गेल्या. त्यानंतर ते मला रस्त्यात भेटले. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "शेवटी शेवटी बोलायला लागली होती हो. गाडीत बसताना म्हणाली, पप्पा, तुम्ही पण चला." एवढं सांगून त्यांनी मान फिरवली.

मग त्यांनी खोली सोडली आणि बेटेगावला चार कामगारांत राहायला गेले. अलीकडे बोईसरच्या बाजारात दिसले. केस पिकले होते. मी मुलीची चौकशी केली.

"सहावीत गेली," ते म्हणाले. "अक्षर छान आहे म्हणतात."

आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढे गेले.