बाहीतली पट्टी

आमच्या वन्सं औषधांच्या कारखान्यात एकवीस वर्षं आहेत. आमच्या टेबलाच्या मुकादम त्याच. मलाही त्यांनीच तिथे लावलं. बाया पाठीमागे त्यांना घड्याळबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे.

आम्ही मशीनवरून येणाऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरतो. फुटकी पट्टी आली की उठून खोलीच्या टोकाला असलेल्या लाल डब्यात टाकायची, असा नियम. पण उठलं की आठ-दहा खोकी मागे पडतात. म्हणून आम्ही ती बाहीच्या इलॅस्टिकमध्ये खोचायचो आणि तीनच्या सुट्टीत टाकायचो. वन्सं बघून न बघितल्यासारखं करायच्या.

त्या दिवशी ट्रक पाचला निघणार होता. साहेब म्हणाले, "आज तीनची सुट्टी नको." वन्संनी मान डोलावली आणि आम्हाला सांगितलं, "बसून राहा गं."

चार वाजता रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. आता साखरेच्या यायच्या होत्या. दोन्ही पट्ट्या दिसायला जुळ्या बहिणी. मध्ये टेबल रिकामं करून पट्ट्या मोजायच्या असतात. मोजल्या. एक कमी.

ती साखरेच्या खोक्यात गेली, तर कुणीतरी विश्वासाने भलतीच गोळी गिळणार.

आम्ही बाह्या झटकल्या. सगळ्यांत वयस्क मावशी जागच्या हलल्या नाहीत. "माझी मी टाकली," म्हणाल्या. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि आधीच एक नोटीस मिळालेली.

साहेब आले. "एका पट्टीसाठी ट्रक थांबवता?"

"थांबवते," वन्सं म्हणाल्या.

"पुढचं काम सुरू करा. सापडेल."

"सापडेल, पण कुणाच्या पोटात?"

माझ्या तोंडात देवाचं नाव होतं. मी टेबलाखाली वाकून तिसऱ्यांदा बघितलं.

वन्सं मावशींकडे बघत राहिल्या. मग त्यांना दाराबाहेरच्या माठापाशी नेलं आणि मलाही खुणावलं. "आधी पाणी प्या. सकाळपासून प्यायला नाहीत ना?"

"प्यायलं की जावं लागतं," मावशी हळूच म्हणाल्या. "जाऊ कधी?"

पेला उचलताना त्यांची बाही ताणली गेली. बाहीच्या कापडाखाली चौकोनी कोपरा उठून दिसला. मावशींनी तो बघितला आणि मटकन खाली बसल्या. "अगं बाई, मला वाटलं मी टाकली. टाकली ती कालची होती गं."

साहेबांनी कागद पुढे केला. "कुणाची चूक ते लिहा. नाव घाला."

वन्संनी कागद जवळ ओढला. मग लिहिलं, 'तीनची सुट्टी साहेबांच्या सांगण्यावरून मी रद्द केली. पट्टी टाकायला वेळ मिळाला नाही. बाहीत पट्टी ठेवतात हे मला माहीत होतं.' खाली सही केली.

"यात तुम्हीच अडकाल."

"देवाला माहीत आहे ते कागदावर आलं, एवढंच."

महिनाभर त्यांना गोदामात बसवलं. घरी त्या कमी जेवायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, "वहिनी, एकवीस वर्षं घड्याळ बघितलं, माणसं नाही बघितली."

परत आल्या त्या दिवशी तीन वाजायला दोन मिनिटं असताना त्यांनी मशीन बंद केलं. साहेब काचेपलीकडून बघत होते. वन्सं लाल डबा उचलून मावशींच्या खुर्चीजवळ ठेवत म्हणाल्या, "उठा, पाणी पिऊन या."

मावशी उठल्या. आधी बाही चाचपली, मग गेल्या.