टिटवीने अडवलेली पार्किंगची जागा

उभी हयात बसच्या दारात काढून कंडक्टरबाई निवृत्त झाल्या आणि गावाबाहेरच्या तळ्यावर, पक्ष्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेत, फाटकावर कामाला लागल्या. काम तसं सोपं होतं. माणसांना आत सोडायचं, कुत्र्यांना सोडायचं नाही, आणि कुणी मोठ्याने बोललं तर त्याला गप्प करायचं. पंचाईत एवढीच, की तळ्यावर सगळ्यांत मोठा आवाज बाईंचाच होता. "शांतता पाळा" असं त्या म्हणाल्या की पलीकडच्या काठावरची बदकं उठून जायची.

वनाधिकाऱ्यांनी हात जोडले. "बाई, जरा हळू."

"हळूच बोलतेय की साहेब," बाई म्हणाल्या, आणि जवळचा बगळा उडाला.

दुपारी त्यांचा डबा घेऊन यजमान यायचे. ते शिंपी, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. तोंडात टाचण्या धरून धरून मास्तरांची बोलायची सवयच मोडली होती. डोकं मात्र तुळतुळीत, उन्हात लांबून चमकायचं. पक्ष्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. वाळत घातलेल्या कपड्यांचं वाटोळं करणारी जात, एवढंच त्यांचं मत.

त्या वर्षी तळ्याकाठी पक्षी बघायला एक मनोरा उभा राहिला. उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार म्हणून त्यांच्या गाड्यांसाठी जागा सपाट करून बारीक खडी पसरली. ही खडी सगळ्यांत आधी आवडली ती टिटवीला. टिटवी काही घरटं विणत बसत नाही. चार खडे इकडचे तिकडे केले की झाला तिचा संसार. तिने बरोबर मधोमध अंडी घातली, तीही खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. बाईंचा पाय त्यांवर पडता पडता राहिला.

वनाधिकारी आले, उकिडवे बसले, उठले. "हलवायची सोय नाही. अंड्यांना हात लावला तर ती सोडून जाईल."

"मग गाड्या?"

"गाड्यांना हात लावू आपण."

बाईंनी चौफेर दोरी बांधली आणि टिटवीची जबाबदारी अंगावर घेतली. दुपारी मास्तर डबा घेऊन नेहमीच्या वाटेने, म्हणजे दोरीखालून वाकून, खडीवरून निघाले. टिटवीला त्या डोक्यात काय दिसलं देव जाणे. ती आभाळात चढली आणि किंचाळत खाली आली. मास्तर डबा छातीशी धरून पळाले.

दुसऱ्या दिवशी ते लांबून वळसा घालून आले, तरी डोक्यावर पातेलं होतं.

"अहो, हे काय?"

"तुझ्या मैत्रिणीला विचार."

पण पातेलं उन्हात तापायचं. मास्तर मशीनवर बसले आणि कापसाचा थर घालून टोपी शिवली. वनाधिकारी म्हणाले होते, आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की टिटवी बिचकते. म्हणून टोपीच्या मागच्या बाजूला कोटाची दोन मोठी बटणं डोळ्यांसारखी टाचली. टिटवी खरंच घिरटी घालून परत फिरली. मास्तर त्या दिवशी जरा ताठ चालले.

इकडे बाईंचंही काहीतरी बिनसलं होतं. टिटवी दचकून उठू नये म्हणून त्या कुजबुजायला लागल्या. घरी आल्यावरसुद्धा.

"अगं, बरं नाही का तुला?" मास्तरांनी विचारलं.

"अंड्यांवर बसलीय हो ती," बाई हळूच म्हणाल्या.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मोठ्या साहेबांची गाडी आली. बाईंनी हात आडवा केला, ओठांवर बोट ठेवलं. ड्रायव्हरला वाटलं, बाई मुक्या आहेत. त्याने गाडी तशीच पुढे घेतली. चाक दोरीला टेकलं आणि बाईंच्या घशातून कित्येक दिवस कोंडलेला आवाज बाहेर आला: "थांबव गाडी!"

गाडी थांबली. तळ्यावरचं झाडून सगळं आभाळात गेलं, त्यात टिटवीही होती. साहेब काय झालं बघायला खाली उतरले, आणि ती थेट त्यांच्यावर आली. साहेब धावले ते काठच्या चिखलात, पोटऱ्यांपर्यंत. मग मास्तर पुढे झाले. त्यांनी आपली टोपी काढून साहेबांच्या डोक्यावर बसवली आणि स्वतः डोक्यावर डबा धरून काठावर उभे राहिले. टिटवी त्यांच्या मागे लागली आणि साहेब सुटले.

बूट चिखलातच सोडून साहेब अनवाणीच मनोऱ्यावर चढले. भाषण करताना टोपी काढायची राहून गेली. मागे बसलेल्यांना साहेब सारखे आपल्याकडेच बघतायत असं वाटत होतं, त्यामुळे कुणी जांभईसुद्धा दिली नाही.

"एवढं मन लावून ऐकणारी माणसं पहिल्यांदाच भेटली," खाली उतरताना साहेब म्हणाले, आणि टोपी डोक्यावर ठेवूनच निघून गेले.

काही दिवसांनी पिल्लं निघाली. अंगावरची लव वाळते न वाळते तोच काडीसारख्या पायांवर आईमागून पाणवठ्याकडे चालू लागली. बाईंनी फाटकावरची माणसं थोपवून धरली. मास्तर डबा खाली ठेवून बघत राहिले.

"एक मागे राहिलंय," ते पुटपुटले. ते पिल्लू पाण्याशी पोचेपर्यंत मास्तर हलले नाहीत.

पुढे तिथे वनखात्याने ऐटीत पाटी लावली: "टिटवीचे राखीव क्षेत्र. वाहनांस मनाई." पक्कं कुंपणही घातलं. पुढच्या हंगामात टिटवीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने अंडी घातली ती शौचालयाच्या सपाट छपरावर.

बाईंना ते फार लागलं. मास्तर मात्र पाहुण्यांना कोपऱ्यात गाठून समजावतात, "आत जा, पण दार आपटू नका. वर बाळंतीण आहे."