एका मात्रेचा हरभरा

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ दे, हसा, तुम्ही हसणारच! लातूरहून म्हैसूरला येऊन मला काहीच महिने झाले होते, आणि आपल्याला कन्नड येतं असा मला दाट संशय होता. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

आमच्या लॅबचं काम काय, तर समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून फिनॉल काढायचे. घाबरू नका, बाथरूममधलं फिनेल नव्हे! चहाला तुरटपणा येतो ना, तो ज्यांच्यामुळे, त्यांच्याच खानदानातली ही मंडळी. शेवाळ धुवायचं, सावलीत वाळवायचं, कारण उन्हात फिनॉल बिघडतात. मग दळायचं, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये भिजवून अंधारात ठेवायचं. अर्क त्यात उतरतो. गाळून घेतला की झालं.

पण लॅबमधलं वाळवायचं यंत्र नेमकं बंद पडलं. आमच्या सरांनी स्वतः ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरून शेवाळ गोळा केलेलं. म्हणाले, "नितीन, जिवापाड सांभाळ हं." मी ते घरी आणलं आणि गच्चीवर, जिन्याच्या सावलीत पसरलं.

माझ्या घरमालकीण सुशीलाक्का. मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरच्या. त्यांचं वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये पोचतं. त्या वर आल्या. "एनप्पा, काय रे हे वाळत घातलंस?"

आता सरळ 'समुद्रातलं शेवाळ' म्हणायला काय झालं होतं मला? पण नाही! 'कडलु' म्हणजे समुद्र, 'सोप्पु' म्हणजे पालेभाजी, एवढं मी शिकलो होतो. दोन्ही जोडले आणि ऐटीत म्हणालो, "कडले सोप्पु!"

अक्कांचा चेहरा एकदम उजळला. "अय्यो! लातूरहून आलं काय?"

लातूर? लातूरला कुठला समुद्र? अक्कांचा भूगोल कच्चा असेल, असं समजून मी नुसता हसलो. त्या वाकून शेवाळाला असतात ते हवा भरलेले, वाळके गोल फुगे चाचपत राहिल्या. "घाटे पण आहेत की रे!" घाटे? असेल काहीतरी कन्नड, म्हणून मी मान डोलावली.

रविवारी अक्कांनी जेवायला बोलावलं. ताटात भात, सारू म्हणजे आपलं सार, आणि एक काळपट भाजी. पहिला घास घेतला. चिवट! खारट! आणि वास ओळखीचा. कुठे घेतला होता बरं हा वास?

"कशी झालीय?"

"छान!" मी कसाबसा गिळत म्हणालो.

"मी मीठ घातलंच नाही हं. तरी स्वल्प उप्पु लागते. तुमच्या लातूरचं पाणीच खारं, अल्वा?"

"आमच्या लातूरचा काय संबंध, अक्का?"

"मग? तूच आणलास की हरभऱ्याचा पाला, घाट्यांसकट! कडले म्हणजे हरभरा. पोरगं गावाहून भाजी आणून वाळवतं, करून घालणारं कोणी नाही, म्हणून मीच केली. सगळी!"

"अक्का, कडले नव्हे हो, कडलु! समुद्र! समुद्र!"

"समुद्रात हरभरा कोण पेरतं रे?"

"हरभरा नाही, शेवाळ आहे ते!"

अक्का मटकन खाली बसल्या. "म्हणजे आता आपण मरणार काय?"

"नाही हो, जपानमध्ये लोक आवडीनं खातात. मरणार मी एकटाच. उद्या, सरांच्या हातून!"

तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. "अक्का, शिजवलेलं पाणी कुठंय?"

"तुरट होतं, म्हणून चिंच घालून सारू केलं. ते काय तुझ्या पुढ्यात!"

फिनॉल पाण्यात उतरतात! म्हणजे अर्क तयारच होता की! मी सारूचं पातेलं असं कवटाळलं, की अक्का भिंतीला टेकल्या.

सोमवारी स्टीलचा डबा सरांपुढे ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. सरांनी लगेच डबा उघडला. सारू गाळलं, थेंबभर नळीत घेतलं, त्यात तपासणीचं रसायन टाकलं. फिनॉल असले की त्याचा रंग निळा होतो. झाला की! असा गडद निळा, की माझ्या कुठल्याच अर्काचा कधी झाला नव्हता!

"सर! वाचलो!" मी ओरडलो.

"सारूत काय काय होतं?"

"चिंच, मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर..."

"त्या सगळ्यांत फिनॉल असतात, नितीन."

"मग यातलं समुद्राचं नक्की काय, सर?"

सरांनी डब्यात डोकावून पाहिलं. "खात्रीनं सांगता येईल असं एकच. मीठ."

मग त्यांनी कोपऱ्यातल्या कवटीचं चित्र असलेल्या कपाटाकडे बोट दाखवलं. घातक रसायनं तिथे कुलपात असतात.

"तुझं कन्नड आत ठेव," ते म्हणाले, "आणि किल्ली माझ्याकडे दे."