चमच्यावरचे दात

चोपड्याच्या सराफ गल्लीत नथ्थूनानांचं दुकान आहे. पोचा दिसला की नानांचे हात शिवशिवतात. शेजारच्या चहावाल्याची किटलीसुद्धा त्यांनी न विचारता ठोकून सरळ केली होती.

इंदिराअक्कांनी चांदीचा जुना चमचा आणून दिला. दुसऱ्या दिवशी पणतूचं उष्टावण. "चकाचक करी द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

नानांनी चमचा रिठ्याच्या पाण्यात चोळला. काळेपणा गेला तसा जुन्या कारागिराचा हात दिसू लागला. दांडा आणि वाटी एकाच पट्टीतून ठोकून काढलेली. कुठे सांधा नाही. नानांनी मनातच नमस्कार केला. मग वाटीच्या टोकाला चार बारीक पोचे दिसले. लाकडी हातोडी आपोआप हातात आली.

सकाळी अक्का पणतूला कडेवर घेऊन आल्या. चमचा उलटसुलट पाहिला.

"नाना, याना दात कोठे गयात?"

"कोना दात?"

"मन्हा पोरेसना!"

अक्कांची तिन्ही मुलं त्या चमच्याला चावून मोठी झाली होती. नानांचा चेहरा उतरला.

"हाऊ मन्हा चमचाच नही शे!" अक्का कडाडल्या. "खरं शे, सोनार मायले बी सोडस नही."

गल्लीतल्या माना वळल्या. चाळीस वर्षांत नानांवर कुणी असा संशय घेतला नव्हता. त्यांनी चमचा उजेडात धरला. एका बाजूचा काठ कागदासारखा पातळ झाला होता.

"अक्का, हाऊ काठ उलट्या बाजूले झिजेल शे. यानं भांडं खरवडणारं माणूस डावखुरं व्हतं."

अक्का थबकल्या. "मन्ही सासू! डावखुरीच व्हती ती."

गल्लीतल्या माना पुन्हा आपापल्या कामाला लागल्या. अक्का मात्र चमच्याच्या टोकावरून बोट फिरवत राहिल्या.

चार खुणा उठवणं नानांना अवघड नव्हतं. त्यांनी छिन्नी उचलली. परत ठेवली. खोटे दात त्यांच्याच्यानं करवेनात.

"चूक मन्हीच शे, अक्का."

तेवढ्यात पणतूनं चमचा ओढून तोंडात कोंबला आणि आपल्या दोन नव्या दातांनी करकचून चावला. अक्कांनी तो कसाबसा सोडवला. टोकाला केसाएवढ्या दोन रेघा उमटल्या होत्या.

नानांनी चष्मा चढवला. वाकून पाहिलं. हात सवयीनं बाजूला गेला.

"नाना!" अक्का ओरडल्या. "हातोडी खाले ठेवा!"