रायटरने वाचलेला नंबर

भुतंखेतं, संकेत, असलं काही मानणाऱ्यांशी मी कायम भांडत आले... अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटतच मोठी झाले. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण घडलं ते असं.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलतो, लिहितो मात्र तमिळ अक्षरांत. देवनागरी मी कॉलेजात गेल्यावर शिकले. माझा मामा इथल्या एका छोट्या तमिळ साप्ताहिकाचा बातमीदार. कावेरीतल्या चोरट्या वाळूउपशावर लिहायचा. टिपणं मात्र मराठीत, तमिळ अक्षरांत — वही कुणाच्या हाती लागली तरी अर्थ लागू नये म्हणून. चार वर्षांपूर्वी तिरुवैयारुच्या रस्त्यावर एका टिप्परने त्याच्या मोपेडला उडवलं. 'अपघात, वाहन अज्ञात' असं लिहून पोलिसांनी फाइल बंद केली.

खूप अर्जांनंतर गेल्या वर्षी ती वही माझ्या जबाबाला जोडायचं ठरलं. सकाळी अकराची वेळ. स्टेशनचा रायटर, म्हणजे लिखापढी करणारा हवालदार, रिटायरमेंटला आलेला. तो वाचणार, मी तमिळमध्ये अर्थ सांगणार. अम्मा माझ्या शेजारी.

"काय भाषा ही, म्मा? दात पडतील माझे," म्हणत तो अडखळत वाचू लागला. शेवटची ओळ आली — 'दोन दिवस एकच टिप्पर मागं आहे. नंबर...'

आणि त्याने नंबर वाचला. सलग, न अडखळता, आमच्या घरच्या मराठीत. मी ऐकला तसा लिहून घेतला. मग वही पाहिली. 'नंबर'च्या पुढे पान कोरं होतं.

"सार, नंबर कुठं वाचलात?"

"कुठला नंबर? तिथंच संपलंय की!" तो वैतागला. "मराठी आकडे मला येतात होय?"

अम्माने माझा हात घट्ट धरला होता. "आवाज काही अण्णाचा नव्हता गं," ती हळूच म्हणाली. मामाला ती अण्णा म्हणायची. "पण नंबर मीही ऐकला."

इन्स्पेक्टरने मान वर न करता सांगितलं, "कागदावर नाही ते रेकॉर्डवर नाही."

एका मित्राने नंबर तपासला. गाडी टिप्परच होती. मालक वाळूचा कंत्राटदार. मामा गेला त्याच महिन्यात ती भंगारात काढलेली...

मी फेरतपासाचा अर्ज केला. आमचे वकील म्हणाले, "दुसऱ्या वहीत सापडला असं लिही ना, कोण बघतंय?" पण मामाने बातमी कुठून मिळाली याबद्दल कधी थाप मारली नव्हती. 'माहिती कशी मिळाली' याच्यापुढे मी लिहिलं — स्टेशनच्या रायटरने वाचून दाखवली. अर्ज परत आला. तेच लिहून पुन्हा दिला. पुन्हा परत. आता तर खिडकीवरचा माणूस मला बघूनच हसतो.

नंबर त्या माणसाच्या तोंडून कसा आला, ते मला माहीत नाही. कुणाला कळलं तर सांगा, मी ऐकेन. पण गाडी कोण चालवत होतं, हे तर साध्या चौकशीने कळेल... ते अजून कुणी विचारलेलं नाही.