भावोजींना दिलेला सल्ला

सर कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे, पण त्यांचं नाव झालं होतं ते शनिवारच्या भाषणामुळे. नवी बॅच सुरू व्हायच्या आधी मुलं आणि त्यांचे आईवडील खुर्च्या मांडून बसत. सर खिशातून बटणांचा फोन काढायचे आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरायचे.

"हा तुम्ही बोलायला घेतलाय. उद्या यात खेळ येतील, शब्दकोश येतील, गाड्यांची वेळापत्रकं येतील. ती लिहिणार कोण? तुमची मुलं!"

समोरचे बाप लोक डोळे विस्फारून ऐकत राहायचे. सर थापा मारत नव्हते, हे आधीच सांगायला हवं. जे बोलत होते त्यावर त्यांचा स्वतःचा ठाम विश्वास होता.

एका शनिवारी अगदी मागच्या खुर्चीत भावोजी येऊन बसले. भावोजी म्हणजे सरांच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. वय एक्केचाळीस. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर वाकलेले असायचे. पण लोक आता वेळ फोनमध्ये बघायचे, आणि बंद पडलेलं घड्याळ कुठल्या तरी खणात टाकून विसरून जायचे.

भाषण संपल्यावर भावोजी पुढे आले. "या फोननं माझ्या पोटावर पाय दिलाय," ते म्हणाले. "म्हटलं, आपणच त्याच्या पोटात शिरून बघावं. जमेल का रे मला?"

"या वयात?" हे सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आताच भाषण झालेलं, अंगात अजून भाषणच होतं. "न जमायला काय झालं?" ते म्हणून गेले. "चिकाटी लागते, ती तुमच्याकडे पोत्यानं आहे."

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. "हे बघ, तू म्हणालास तर ते उडी मारतील. नीट विचार करून सांग."

"ताई, मी आहे ना," सर म्हणाले.

क्लासमध्ये भावोजी त्यांना 'सर' म्हणायचे आणि घरी 'काय रे'. एकदा शंका विचारताना गफलत झाली, "काय रे, हे असं का?" निघून गेलं, आणि अख्खा वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं भावोजीच हसले.

त्या काळच्या फोनला मेमरी अशी नव्हतीच. चित्रं, आवाज, शब्द, सगळं मिळून चौसष्ट केबीत, म्हणजे आजच्या एका फोटोहूनही कमी जागेत, बसवायचं. एक अक्षर जास्त झालं तरी फोन आडवा. शिवाय एका फोनवर पळणारं ॲप्लिकेशन दुसऱ्यावर अडून बसायचं, कारण प्रत्येकाचा पडदा वेगळा, बटणं वेगळी. विशीतली पोरं वैतागून बाहेर चहाला जायची. भावोजी बसून राहायचे. लांबलचक नावं कापून एकेका अक्षराची करायचे, दहा चित्रं एकाच चित्रात जोडून टाकायचे. अख्खी दुपार घालवून दोन केबी वाचवले की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते सरांनी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

कोर्स संपत आला तेव्हा सरांनी आणखी एक सल्ला दिला. "दोन दगडांवर पाय ठेवू नका, भावोजी. अवजारं हाताशी असली की मन मागे धावतं. देऊन टाका कुणाला तरी."

भावोजींनी दुकान बंद केलं. मग चिमटे, पेचकस, भिंग, सगळं वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळून त्यांनी शेजारच्या गावातल्या एका कारागिराला देऊन टाकलं.

नोकरी लागली. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक छोटी कंपनी होती, फोनसाठी खेळ आणि शब्दकोश करणारी. तिथली पोरं त्यांना 'घड्याळकाका' म्हणायची. ॲप्लिकेशन मावेनासं झालं की "काकांकडे द्या" ठरलेलं. एका शब्दकोशाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत करणाऱ्यांची नावं होती. ताईनं चष्मा पुसून त्यातलं नवऱ्याचं नाव तीनदा वाचलं आणि शेजारणीला बोलावून आणलं.

अडीच वर्षं अशी गेली. मग काचेचे फोन आले.

बटणं गेली, चौसष्ट केबी गेले, जुन्या ॲप्लिकेशनांना कुणी विचारेना. कंपनीला टाळं लागलं. सरांच्या क्लासनं पंधरा दिवसांत पाटी बदलली. सर स्वतः रात्रंदिवस खपून नवं शिकले, त्यांचं निभावलं. भावोजीही पुन्हा वही घेऊन क्लासला बसले. त्यांना येत नव्हतं अशातला भाग नाही. पण मुलाखतीला समोर पंचविशीतला मुलगा असायचा. त्यांचं काम बघून तो हसून म्हणायचा, "एवढी काटकसर आता कशाला, काका? जागा हवी तेवढी आहे." मग वय विचारायचा.

पाचव्या मुलाखतीहून परतले तेव्हा योगायोगानं सर ताईकडेच होते. भावोजींनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि समोर बसले.

"सर," ते म्हणाले, "आता काय शिकू?"

घरात त्यांनी कधी 'सर' म्हटलं नव्हतं. त्यात टोमणा नव्हता; ते खरंच विचारत होते. शेकडो लोकांसमोर तासतासभर बोलणारे सर उठून चपला शोधू लागले. ताई उठून आत गेली.

पुढचं सरांना एका विद्यार्थ्याकडून कळलं. बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात एक काका स्क्रीनगार्ड लावतात. एक बुडबुडा राहत नाही, लोक लांबून येतात. सर गेले. काचेच्या टेबलामागे भावोजी वाकून बसले होते.

"अरे, तू! आण फोन," असं म्हणून त्यांनी फोन जवळजवळ ओढूनच घेतला, मऊ कापडानं पुसला, श्वास रोखून काच ठेवली. "हात चालू आहे, एवढं पुष्कळ," ते फोनकडे बघत म्हणाले. सरांना मान वर करवेना.

तिथून ते थेट ताईकडे गेले. "ताई, चूक माझी आहे."

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. "तू वाईट नव्हतं सांगितलंस रे," ती म्हणाली. "पण इतक्या खात्रीनं का सांगितलंस?"

त्यानंतर शनिवारी कुणी बाप "याला पुढे स्कोप किती?" असं विचारायचा, तेव्हा सर म्हणायचे, "दोन-तीन वर्षांचं सांगतो. पुढचं मला माहीत नाही." लोक एकमेकांकडे बघायचे आणि फॉर्म न भरताच जायचे. क्लासच्या मालकानं ते भाषण दुसऱ्याकडे दिलं. सरांनी तक्रार केली नाही.

भावोजी त्या टेबलामागे सहा वर्षं बसले. मग हाताला कंप सुटला आणि तेही काम सुटलं. आता सर दर रविवारी जातात. दोघं गॅलरीत बसतात, गुडघ्यांचं बोलतात, पाण्याच्या वेळेचं बोलतात. ताई चहा आणून ठेवते. भावोजींचा कप आता ती अर्धाच भरते.